मी ऐकलं होतं

आमच्या घरात हळू बोलणाऱ्या माणसावर कुणाचा विश्वास नसे. ज्याच्या मनात पाप तोच कुजबुजतो, असं आप्पा म्हणायचे, आणि तेही इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोल्यांतली माणसं ताटावरून मान वर करायची. आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडच्या एका गावातून ते सिल्वासाला हेल्पर म्हणून आले आणि राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत चढत चढत शिफ्टचे इन्चार्ज झाले. त्या कंपनीत धाग्याला पीळ देणाऱ्या मशिनींची एक लांबच लांब शेड होती. मी एकदा डबा द्यायला तिच्या दारापर्यंत गेले होते. आवाज कानावर येण्याआधी छातीवर आला, कुणी तळहातानं मागे ढकलावं तसा. आत माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती आणि तरी हातवाऱ्यांनीच काय ते कळत होतं. कामगारांना कानात घालायला बोळे मिळायचे, पण आप्पा ते घालत नसत. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो आणि इन्चार्जला तो कळायलाच हवा, हा त्यांचा स्वतःचा कायदा. त्या कायद्यापायी त्यांचा डावा कान पुरता गेला आणि उजवा अर्धा. हे मला फार उशिरा समजलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं, की आमचे आप्पा सारखे चिडलेले असतात.

ते घरी आले की आधी पायरीवर बूट आपटल्याचा आवाज यायचा आणि आई शेगडी बारीक करायची. शेवभाजीचा रस्सा, कळण्याची भाकरी, ठेचा, असं जेवण आमच्याकडे रोजचं. पण जेवण कसं झालंय हे चवीवरून नाही, आप्पांच्या तोंडाकडे बघून कळायचं. काही विचारलं आणि उत्तर लगेच आलं नाही, किंवा आलं पण त्यांना ऐकू गेलं नाही, की "आयकू येत नही का तुले?" म्हणून ते गरजायचे, आणि पाठोपाठ हात यायचा. उलटा हात, अंगठीसकट. माझ्या डाव्या भुवईत अजून एक बारीक खाच आहे. एकदा त्यांनी रश्शाची वाटी भिंतीवर फेकली. त्याचा लाल ओघळ चुना दिला तरी वर यायचा. आई मार खाताना ओरडत नसे. ती मुळातच कमी बोलायची. कंपनीतून आणलेल्या धाग्याच्या गाठी सोडवत बसल्यासारखी ती एकेक शब्द सोडवायची, आणि तोपर्यंत आप्पांचा धीर सुटलेला असायचा.

मी आईवर गेले नाही. सहावी-सातवीत असतानाच मला कळलं, की या घरात मारातून वाचायचं असेल तर आपला आवाज वरचा हवा. एकदा आप्पांनी हात उगारला तेव्हा मी त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळले, "मी नाही केलं!" ते थबकले. मग हसले आणि चाळीतल्या लोकांना सांगत सुटले, "मनी पोर वाघीण शे, वाघीण." मनी म्हणजे माझी. त्या दिवसापासून मी सगळीकडेच ओरडून बोलू लागले. शाळेत, पाण्याच्या रांगेत, धाकट्या मुलांशी खेळताना. लोक वाटेतून बाजूला व्हायचे. मला तो मान वाटायचा.

नववीत असताना आमच्या शाळेत रोबोटचा वर्ग निघाला. दातार सर म्हणून पुण्याचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या कारखान्यात मॅनेजर होते; ते दर शनिवारी प्रयोगशाळेत येऊन शिकवायचे. माणूस हुशार, हात सोन्याचा, भंगारातल्या वायपरच्या मोटारीतून चालतं-फिरतं यंत्र उभं करणारा. पण त्यांच्या लेखी स्पर्धा म्हणजे लढाई. "मैदानात आवाज लागतो! दबलात की मेलात!" असं ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे. आमच्या टीममध्ये आम्ही तिघं होतो. निरव हा बाजारातल्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा. घरी गुजराती, माझ्याशी हिंदी-मराठीची खिचडी. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय होती. "हा लाल वायर इकडेच ना? पक्का ना?" दुसरी रमीला. ती दुधनीची, वसतिगृहात राहणारी. मधुबन धरणाच्या पाण्यात तिचे वडील जाळी टाकायचे. जाळं विणणाऱ्या घरातली बोटं ती; आमच्याकडून ज्या वायरींचा गुंता व्हायचा, त्या ती नुसत्या चाचपून वेगळ्या करायची. तिचा आवाज इतका खालचा की तिचं बोलणं ऐकायचं तर हातातलं काम थांबवावं लागायचं. मी कधी थांबवलं नाही.

कॅप्टन निवडायची वेळ आली तेव्हा सरांनी आम्हा तिघांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं 'सुरू' म्हणा." निरवचा आवाज फाटला. रमीलानं "सुरू" म्हटलं ते बहुधा निरवलाही ऐकू गेलं नसेल. माझ्या आवाजानं खिडकीवरची कबुतरं उडाली. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "जयू कॅप्टन!" त्या दिवशी मी घरी नाचत गेले. ज्या आवाजासाठी मला चाळीतल्या बायका नावं ठेवायच्या, त्यालाच कुणीतरी बक्षीस दिलं होतं. रोबोट रमीलानं बांधला, त्याचा हिशोबी विचार निरवनं केला, आणि कॅप्टन मी झाले, यात काही चुकतंय असं तेव्हा मनातही आलं नाही.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी त्या दोघांना आप्पांसारखं वागवलं. दुसरा शब्द नाही त्याला. निरवनं दुसऱ्यांदा विचारलं की मी त्याच्या मानेवर चापट मारायचे. रमीलाच्या हातून एकदा स्क्रू पडून हरवला तेव्हा मी पक्कड भिरकावली. ती तिच्या कानाजवळून जाऊन कपाटाच्या काचेवर बसली. सरांनी काच भरून दिली आणि मला म्हणाले, "राग मैदानासाठी ठेव." रमीलानं खाली बसून काचा वेचल्या. काही बोलली असेल तर मी ऐकलं नाही.

स्पर्धा सिल्वासातच, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. आजूबाजूच्या गावांतून वीसेक शाळा आल्या होत्या. रोबोटनं लोखंडी पंज्यानं लाकडी ठोकळे उचलून टोपलीत टाकायचे, एवढाच खेळ. पण हॉलचं छत पत्र्याचं, आणि प्रत्येक शाळेच्या पालकांनी शिट्ट्या, थाळ्या आणलेल्या. मला ते वातावरण ओळखीचं वाटलं. मी आत शिरले आणि माझा आवाज आपोआप वर चढला. हंसाबेन नावाच्या एक वयस्कर पंच होत्या, पांढऱ्या केसांच्या, आयटीआयमध्ये आयुष्यभर मशिनी शिकवलेल्या. पहिल्या फेरीनंतर त्या आमच्या टेबलाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "बेटा, तारी टीम बहिरी छे?" मी नाही म्हटलं. "मग एवढी बुमा कशाला मारते? धीरे बोल. धीरे बोलल्यावर माणूस समोर बघतो, चिल्लावल्यावर डोळे मिटतो." त्या गेल्यावर सर म्हणाले, "लक्ष देऊ नकोस. त्या सगळ्यांना हेच सांगतात."

उपांत्य फेरीत आमची गाठ वापीच्या एका शाळेशी पडली. त्यांच्या रोबोटनं आमच्या रोबोटला कोपऱ्यात दाबून धरलं, धडका दिल्या. आमची चेन सटकली आणि पंजा लोंबायला लागला. तरी आधीच टाकलेल्या ठोकळ्यांवर आम्ही एका गुणानं जिंकलो. त्यांचे पालक पंचांवर धावून गेले, दातार सर त्यांच्यावर धावून गेले. कुणीतरी कुणाची कॉलर धरली, एक खुर्ची मोडली. आप्पा शिफ्ट संपवून नुकतेच पोचले होते. तेही बाह्या सरसावून त्यात शिरले आणि एका माणसाला त्यांनी तोंडावर ठोसा दिला. आयोजकांनी सगळ्यांना कसंबसं बाजूला केलं. अंतिम फेरीला दहा मिनिटं होती आणि आमची चेन निघालेली.

आता जे सांगायचं ते मी आयुष्यात मोजक्या माणसांना सांगितलंय. रोबोट टेबलावर होता. रमीला टेबलापलीकडे गुडघे टेकून बसली होती, कारण चेन खालच्या बाजूनं दात्यांच्या चाकावर चढवायची होती. निरव मागे उभा होता; नवी बॅटरी त्यानं जोडली होती आणि मुख्य स्विच त्याच्या हाताशी होता. रमीला म्हणाली, "जयू, मी चेनमध्ये हात घालते. स्विच लावू नका." मी ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, "जयू, हात आत आहे." तेही मी ऐकलं. हॉलमध्ये एवढा गोंधळ असताना ते दोन्ही वेळा मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण समोर वापीची मुलं माझी नक्कल करत होती, तोंड वासून, हात हलवून; आप्पा त्यांच्या दिशेनं शिव्या घालत होते; आणि सर घड्याळ नाचवत ओरडले, "चार मिनिटं! मोटर फिरवून बघितली का नाही?" माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी निरवला म्हटलं, "चालू कर."

त्यानं नेहमीसारखं विचारलं, "रमीलाचा हात बाहेर आला ना? पक्का?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि किंचाळले, "चालू कर म्हटलं ना!"

त्यानं डोळे मिटले आणि स्विच दाबला.

वायपरची मोटर दिसायला छोटी, पण काचेवरचं पावसाचं पाणी लोटणारी. चेन गर्रकन ताणली गेली, ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि मोटर घुटमळली. रमीला ओरडली नाही. हे मला अजून समजत नाही. तिचं तोंड उघडं होतं, चेहरा चुन्यासारखा, आणि ती तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बंद कर, जयू. बंद कर." निरवचे डोळे अजून मिटलेलेच होते. मी उभीच. मोटर परत जोर करायला लागली. तेव्हा टेबलाच्या कडेवरून माझ्या बुटावर काहीतरी गरम पडलं, आणि निरवनं डोळे उघडून जी किंकाळी फोडली तिनं हॉलमधल्या थाळ्या थांबल्या. रमीलाच्या उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, वरच्या पेरापासून गेली होती. हंसाबेन त्या वयातही पळत आल्या. त्यांनी स्विच बंद केला, चाक हातानं उलटं फिरवलं, स्वतःच्या ओढणीनं रमीलाचं मनगट आवळलं आणि वसतिगृहाच्या बाईंबरोबर तिला सरकारी दवाखान्यात पाठवून दिलं.

मग त्यांनी आम्हा दोघांना एका खोलीत नेलं. सर बरोबर आले. दारातच त्यांनी माझा खांदा दाबला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिनं न सांगता हात घातला, बरोबर ना? निष्काळजीपणा टीमचा ठरला तर आपण बाद." त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. हंसाबेननी विचारलं, "तिनं हात घालायच्या आधी काही सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "न सांगताच घातला."

त्यांनी निरवकडे बघितलं. त्याच्या गालावर माझी बोटं उठली होती. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मला ऐकू आलं नाही." ते खरंच होतं. रमीलाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझा पोचला होता.

आम्हाला खेळू दिलं. सरांनी चेनवरचं रक्त चिंधीनं पुसलं आणि ती नीट चढवून दिली. आम्ही अंतिम फेरी जिंकलो. मला त्या फेरीतलं काहीही आठवत नाही, फक्त प्रत्येक वळणावर पंजाखालून येणारा एक चिकट आवाज आठवतो. ढाल मिळाली. आप्पांनी मला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "मनी पोर!" त्या दिवशी ते मला हवेहवेसे वाटायला हवे होते. माझं लक्ष त्यांच्या फुटलेल्या मुठीकडे होतं.

घरी आल्यावर आईनं माझे बूट धुवायला घेतले. मोरीत पाणी लाल झालं. तिनं बूट खाली ठेवला आणि विचारलं, "हे कोनं शे व?" म्हणजे हे कोणाचं. मी म्हटलं, रमीलाचं. ती वाट बघत राहिली. बाहेर ओट्यावर आप्पा लोकांना पेढे वाटत माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होते. आई तशीच उकिडवी बसून होती, ओल्या हातांनी. तिच्या त्या गप्प बसण्यापुढे मला टिकता आलं नाही. मी सगळं सांगितलं, चापटीसकट. मला वाटलं ती मारेल. तिनं बूट घासून पुसून दाराशी उभा केला आणि म्हणाली, "रईवारले दुधनीले जाऊ."

रविवारपर्यंत रमीलाला दवाखान्यातून घरी सोडलं होतं. आम्ही जीपनं गेलो. रमीलाचं घर धरणाच्या पाण्यापासून जरा वर होतं. अंगणात बांबूवर जाळी वाळत टाकलेली. तिच्या आईनं आम्हाला बघून आधी पाणी दिलं, मग नागलीची भाकरी आणि माशाचं कालवण पुढे ठेवलं. "आमची पोरगी जिंकली म्हणतात," ती म्हणाली, "तुम्ही आलात, बरं वाटलं." मी भाकरी नुसती कुस्करत राहिले. माझी आई मात्र खाली मान घालून जेवली, कारण वाढलेल्या अन्नावरून उठणं हा त्या बाईचा आणखी एक अपमान झाला असता. हे तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

रमीला मागच्या बाजूला बसली होती. हातावर बँडेजचा गोळा. मी शेजारी जाऊन बसले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"मी दोनदा सांगितला होता," ती म्हणाली.

"हो."

"तू ऐकलंस ना? का नाय ऐकलंस? मला एवढाच कळू दे. सर म्हणाले, माझा आवाजच बारीक, कुणालाच नाय गेला. मी रोज तोच विचार करते, अजून मोठ्यानं बोलले असते तर."

ती स्वतःला दोष देत होती. आठवडाभर, दुखण्यात, ती स्वतःच्या आवाजाला दोष देत बसली होती. मी म्हटलं, "दोन्ही वेळा ऐकलं होतं. स्वच्छ."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. डाव्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माझा ओठ दातावर फाटला. ती परत मारेल म्हणून मी तशीच बसून राहिले. तिनं मारलं नाही. तिच्या बँडेजवर लाल ठिपका उमटला होता. "हे शाळेत सांग," ती म्हणाली. "सगळ्यांपुढं. मी येते."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मी सांगितलं. आप्पांना, निरवच्या वडिलांना, दातार सरांना बोलावून घेतलं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सर ओरडले, मी घाबरून काहीबाही बोलतेय म्हणाले. निरवचे वडील सरांवर ओरडले. आप्पांनी टेबलावर असा हात मारला की काचेखालचे फोटो हलले, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, कोण कुणाला दोष देतंय कळेनासं झालं. त्या गदारोळात रमीलाचे ओठ हलताना मला दिसले. ती काहीतरी सांगत होती आणि त्या खोलीत एकाही मोठ्या माणसाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी उठून तिच्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले. निरव माझ्या मागून आला आणि तोही बसला. आम्ही दोघं जमिनीवर बसलेले बघून एकेक जण गप्प होत गेला. आप्पा सगळ्यांत शेवटी.

रमीला म्हणाली, "ढाल परत द्या. आणि वर्ग बंद करू नका. मला यायचंय."

एवढंच. ढाल परत गेली. दातार सर पुन्हा आले नाहीत. पण ते दवाखान्यात दोन संध्याकाळी रमीलाच्या उशाशी बसून रडले होते, असं तिच्या आईनं मागाहून सांगितलं. माणसाबद्दल एकच एक मत करून ठेवणं मला तेव्हापासून जमत नाही.

घरी आल्यावर आप्पांनी दार लावून घेतलं. चारचौघांत त्यांना मान खाली घालायला लावली होती मी. पट्टा सोडताना ते बोलत होते, पण त्या दिवशी शब्द कळत नव्हते, नुसता आवाज होता, शेडमधल्यासारखा. पहिले दोन वार पाठीवर बसले. तिसरा बसायच्या आत आई मध्ये आली आणि ओरडली, "हात खाले!" तिला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. सगळी चाळ चिडीचूप झाली. "पोर खरं बोलनी! खरं बोलनी म्हणून मारी ऱ्हायनात का?" आप्पांचा हात वरच राहिला. त्यांना ते ऐकू गेलं होतं. बहुधा कित्येक वर्षांत तिचं पहिलंच वाक्य त्यांच्या त्या अर्ध्या कानात पूर्ण शिरलं होतं. ते खाटेवर बसले. खूप वेळानं त्यांनी पट्टा परत कमरेला लावायला घेतला, पण हुक सापडेना, तेव्हा आईनं तो लावून दिला. त्यांचं मारणं त्या दिवशी संपलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते कमी झालं. माझ्यावर मात्र पुन्हा हात पडला नाही.

हल्ली मी स्वतः अशा स्पर्धांना पंच म्हणून जाते. मुलांना हळू बोला असं सरसकट सांगत नाही, कारण आईचा तो आवाज माझ्या कानात आहे. मी त्यांना ओरडू देते, फक्त ओरडून झाल्यावर समोरचा काय म्हणाला होता ते विचारते. बहुतेकांना सांगता येत नाही. मग ती लाजतात, आणि पुढच्या फेरीला जरा थांबून ऐकतात.

रमीलानं पुढच्या वर्षी टीम चालवली. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो आणि तिनं आम्हाला कॉलेजबाहेर वडापाव खाऊ घातले, डाव्या हातानं चटणी लावून देत. आता ती खानवेलजवळ पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान चालवते. राहिलेल्या बोटांनी गुंडाळलेली तिची तार मशीनपेक्षा सरळ बसते असं गिऱ्हाईकं म्हणतात. मी अधूनमधून जाते. ती हातातलं काम न थांबवता बोलते आणि मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसते. माफ केलं का, असं मी एकदाच विचारलं. ती तारेवरून मान वर न करता काहीतरी म्हणाली. बाहेरून ट्रक जात होता, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "परत सांग."

ती हसली. "नाही केलं," ती म्हणाली, "असं म्हणाले. पण येत जा."